नवीच राहिली गादी

शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांना मुलं 'अलंकार मास्तर' म्हणत. शिपाई म्हणाला, चहा म्हणजे अमृत, की सर "रूपक!" म्हणून मोकळे. घरी बायकोला "हजारदा सांगितलं तुम्हाला" म्हणायचीही सोय नव्हती. अतिशयोक्ती लगेच पकडली जायची.

सरांचा लाडका अलंकार मात्र व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून चिमटा. ऑफिसातल्या हेडक्लार्क बाई निवृत्त झाल्या तेव्हा सरांना आयतीच संधी मिळाली. बाई कधी जागेवर सापडायच्या नाहीत. निरोपाच्या सभेत सरांनी ऐटीत वाचलं :

शीण न शिवला कधी तुम्हांला, कितीही असो घाई;
खुर्चीवरची गादी तुमची नवीच राहिली, बाई!

शिक्षक रुमालात तोंड खुपसून हसले. बाईंनी डोळे पुसले आणि तो कागद मागून घेतला.

पुढे एकदा बाईंनी सरांना घरी बोलावलं. बाहेरच्या खोलीत, बाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या फोटोशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये ती कविता. सरांना दरदरून घाम फुटला.

"तुम्हालाच काय ते कळलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "हे अंथरुणाला खिळलेले. यांची कूस बदलायला सारखी घरी पळायचे, राहिलेलं काम इथे आणून उरकायचे. बसायला मिळालंच नाही कधी. लोक काहीबाही बोलायचे. तुम्ही मात्र गादीसुद्धा पाहिलीत."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय पाहिलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

"पण सर, आमची सून परवा बोलून गेली, यात व्याजस्तुती आहे म्हणून. म्हणजे काय विचारलं तर सांगेना. वाईट असतं का हो काही?"

आयुष्यात अलंकार कधी चुकीचा सांगितला नव्हता सरांनी.

"छे, छे! ही स्वभावोक्ती. जसं आहे तसं सांगायचं, बस."

बाईंचा चेहरा खुलला. "ऐकलंस का गं?" त्यांनी आत हाक मारली.

सून चहा घेऊन आली आणि सरांनी तिला ओळखलं. पहिल्या बाकावर बसणारी, अलंकारांत एकही गुण न गमावणारी त्यांचीच विद्यार्थिनी. तिने सरांकडे नीट पाहिलं. मान खाली गेली ती सरांची.

"मग माझंच चुकलं, आई," ती सासूला म्हणाली. "सरांनी शिकवलं तेव्हा माझं लक्ष नसेल."