मूळ पट्टी

जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही रेगेन्सबर्गला होतो. नवरा कारखान्यात इंजिनिअर, मी घरी. दुपारी पुण्याहून आणलेली पेटी काढून बसायचे. एका शनिवारी खालच्या मजल्यावरची सिंहली नर्स धापा टाकत वर आली.

"उद्या आमचा कार्यक्रम आहे आणि पेटीवाल्याला व्हिसाच नाही मिळाला. तू येशील?"

गायक श्रीलंकेत घरोघरी माहीत असलेले. खेड्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा. लखनौला जाऊन गाणं शिकला, परत येऊन रेडिओवर गायला लागला, पुढे चित्रपटांना चाली दिल्या. "आमच्याकडे त्यांच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही," ती म्हणाली. मग घशाची शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षं ते फक्त चाली बांधत होते, गायचे शिष्य. उद्या ते पहिल्यांदाच पुन्हा गाणार होते.

संध्याकाळी तिच्या घरी तालीम झाली. साठीचे, बारीक, गळ्याला मफलर. हिंदी अगदी लखनवी. माझी पुणेरी हिंदी ऐकून गालात हसले. गाण्यांतला सिंहली शब्द मला एकही कळत नव्हता, पण ते सरगम म्हणायचे आणि मी भराभर लिहून घ्यायचे. सगळी गाणी त्यांनी खालच्या पट्टीत घेतली.

मी न राहवून विचारलं, "गुरुजी, पहिला कार्यक्रम इतक्या लांब का?"

"घरी फजिती झाली तर रोज तीच तोंडं बघायची, बेटी. इथून निदान विमानात बसून पळता येतं."

रविवारी दुपारी चर्चचा हॉल गच्च भरला. गाणी नीट चालली होती. शेवटचं, त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं आलं आणि ते माझ्याकडे वाकून पुटपुटले, "मूळ पट्टीत."

म्हणजे चक्क दोन सूर वर. तालमीत हे ठरलंच नव्हतं. तबलजी तबला चढवेपर्यंत मी नुसता षड्ज धरून बसले. मुखडा झाला, अंतरा सुरू झाला, आणि वरच्या षड्जाशी आवाज चिरला. त्यांनी डोळे मिटले. मी भाता चालूच ठेवला. थांबले असते तर सगळंच संपलं असतं. त्यांनी श्वास घेतला, तीच ओळ पुन्हा उचलली, आणि या वेळी सूर लागला. नुसता लागला नाही, टिकला. पहिल्या रांगेत बसलेली माझी शेजारीण ओढणीत तोंड लपवून रडत होती.

नंतर ते आमच्याकडे जेवायला आले आणि जेवता जेवता उठून त्यांनी बायकोला फोन लावला. पाचच मिनिटं बोलले असतील. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"गाणं कसं झालं ते विचारलंच नाही. घसा दुखतोय का, एवढंच."

"मग?"

"नाही म्हटलं. खरंच नाही दुखत." आणि त्यांनी माझ्याकडे आणखी थोडा भात मागितला.