सकाळची फवारणी

“मावशी, आत्याबाई गेल्या...” अक्काच्या सुनेचा, रेखाचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत भाजी निवडत बसले होते. अक्का, माझी थोरली बहीण, नेहमीसारखी सकाळी रानात गेली, छातीत कळ आली म्हणून बांधावर बसली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सारं संपलं.

आखाडा बाळापूरजवळच्या त्या रानात दाजींच्या माघारी अक्का काकडी लावायची. कोवळ्या वेलींवर लाल भुंगे तुटून पडतात, पानांची चाळण करतात. म्हणून ती वेलींवर रोवलेल्या तारेच्या कमानींवर पांढरं पातळ कापड अंथरून कडांना माती लावायची. फुलं लागली की मात्र रोज सकाळी ते उघडायचं आणि मधमाश्या येऊन गेल्या की दुपारी पुन्हा झाकायचं. “भुंग्याला दार बंद, माशीला उघडं. दारात मी,” असं म्हणून हसायची. तिचं असं मोकळं हसणं पुढं फारसं ऐकलं नाही.

बांधाला लागून तिच्या दिराची, भास्करची तूर. तूर फुलात आली की तो अळीसाठी फवारायचा, तेही भर सकाळी, माश्या फुलांवर असताना. अक्कानं कितीदा विनवलं. गेल्या साली तर मेलेल्या माश्या पदरात घेऊन ती त्याच्या ओट्यावर गेली. मी सोबत होते.

“भावजी, फवारू नका म्हणत न्हाई मी. सांजच्याला फवारा. सकाळीच काहून?”

“सांजच्याला गडी मिळत न्हाई, वहिनी. अन् माश्या मेल्या म्हणून आता सुतक धरू व्हय?”

ओट्यावरची माणसं हसली. अक्कानं पदर तिथंच झटकला आणि ती निघाली. दिराशी ती पुन्हा बोलली नाही. त्या हंगामात नर फुलं तोडून एकेका मादी फुलाला लावत ती वेलींतून वाकून फिरली. “माश्यांचं काम मी करून राहिले, बाई,” म्हणायची. तरी कितीतरी काकड्या बोटाएवढ्या असतानाच पिवळ्या पडून गळाल्या.

तेराव्याला भास्करच सगळ्यांपुढं उभा राहिला. “वहिनीनं मुक्या जिवांना जपलं,” म्हणाला आणि डोळे पुसले. अश्रू खरे असतीलही. मला जाणून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाबरोबर रानात गेले, तर तुरीतून पंपाचा आवाज येत होता. तोच होता, नाकाला रुमाल बांधलेला. आम्हाला पाहून त्यानं हात केला.

विहिरीच्या कडेला अक्का खडे घातलेलं एक पसरट मातीचं भांडं ठेवायची, माश्यांना बसून पाणी पिता यावं म्हणून. रेखा ते अजून रोज भरते. परवा गेले तेव्हा मी बराच वेळ त्या भांड्याजवळ बसले. पाणी स्वच्छ होतं. खड्यांवर कुणीच उतरलं नाही.