तो बार माझा होता

रविवार, ७ एप्रिल. शुक्रवारी वडिलांचं तेरावं झालं, शनिवारी भाड्याची भांडी परत गेली, आणि त्या सकाळी मी त्यांची बंदूक पुसायला घेतली. सोमवारी ती पोलीस ठाण्यात जमा करायची होती. परवाना ज्याच्या नावावर, तो गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. तेराव्यापर्यंत थांबतो म्हणाले, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

बंदूक ठासणीची, एकनळी. नळीच्या तोंडातून दारू, काथ्याचा बोळा, छर्रे असं एकेक गजाने ठासत जायचं आणि शेवटी घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एका वेळी एकच बार. चुकला तर सगळं पहिल्यापासून, तोवर ससा पुढच्या वाडीत पोचलेला. गेल्या वीस वर्षांत ती एकदाही उडाली नव्हती, तरी दर निवडणुकीला वडील ती ठाण्यात जमा करत आणि निकाल लागला की सोडवून आणत.

गजाला चिंधी गुंडाळून मी नळीत तेल फिरवत होते आणि दादा पलंगावर बसून बघत होता. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तेराव्यासाठी गावाहून लालबागला आमच्या खोलीवर आला होता आणि अजून गेला नव्हता, कारण त्याला माझी सही हवी होती. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. बंदूक त्याच्या नावावर व्हायची तर माझी हरकत नाही असं लिहून द्यायला हवं होतं. कागद त्याने तालुक्याहून टाइप करून आणला होता. वडिलांनीही जानेवारीत, शुद्धीवर असताना, मला हेच सांगितलं होतं. ‘माझ्या मागे बंदूक त्याला दे. तुला काय करायची आहे?’ तेव्हा मी त्यांच्या उशा सारख्या केल्या.

ही बंदूक घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. मी नऊ वर्षांची. गिरणीला सुट्टी होती. फोर्टातल्या एका जुन्या दुकानात मालकाने काउंटरवर दोन बंदुका ठेवल्या, एक काडतुसाची आणि एक ही. वडिलांनी हिचा घोडा चारपाच वेळा ओढून पाहिला, नळीत डोळा लावला, मग मलाही लावायला दिला. आत लांब गोल अंधार, दुसरं काही नाही. आईने हिंदमात्याहून गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणून तिला खोळ शिवली. दर मे महिन्यात वळकटीच्या आत खोळ आणि खोळीत बंदूक, अशी ती गावच्या एसटीत आमच्या पायांशी असायची. ठासायला मी याच खोलीत शिकले, दारूशिवाय, नुसत्या गजाने. वडिलांना मुलगा नव्हता आणि हातांना चाळा हवा होता, म्हणून त्यांनी मला शिकवलं. यात कौतुकाचं काही नव्हतं.

अकराव्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. शिकारीला तेव्हाही बंदीच होती, पण वाडीत ती कुणी मनावर घेतली नव्हती. वडील, काका म्हणजे दादाचे वडील, आणि वाडीतले तिघे-चौघे पहाटे निघाले. मी भरलेली बंदूक घेऊन मागे. बार दादाने काढायचा असं काकांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, कारण तो तेरा पुरा झाला होता. माणसं हाकारायला खाली उतरली आणि काजूच्या झाडांमागे आम्ही दोघंच उरलो. ससा बांधावर आला आणि बसला. दादाने बंदूक उचलली, नेम धरला, पण घोडा न सोडताच ती खाली ठेवली. मी ती घेतली, खांद्याला लावली आणि घोडा सोडला. खांदा चार दिवस निळा होता. ससा जागच्या जागी पडला.

काका धावत वर आले. बार कुणी काढला म्हणून विचारलं. बंदूक माझ्या हातात होती, त्यांना दिसत होतं. त्यांनी ती माझ्या हातातून काढून दादाच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘झिलान काढलो. चेडवाच्या हातान बार निघालो तर रान रुसता.’ झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी. मागून वडील आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि सशाचे पाय बांधायला बसले.

आमच्या वाडीत वाटे सागाच्या पानांवर घालतात. एक बंदुकीचा, तो बंदूकवाल्याला. हाकारे घालणाऱ्यांना एकेक. ज्याने बार काढला त्याला मागची तंगडी, सगळ्यांदेखत. ती दादाच्या पानावर पडली. खोबऱ्याचं वाटप मी पाट्यावर वाटलं, काकीने रांधलं आणि दादाने ती तंगडी माझ्यासमोर बसून खाल्ली. मी रस्सा-भाकरी खाल्ली. वडिलांनी त्यांच्या वाट्यातला एक तुकडा माझ्या ताटात टाकला, तो मी कुत्र्याला घातला.

त्यानंतर प्रत्येक गणपतीत, प्रत्येक लग्नात दादाचा ससा निघायचा. आधी तो बसलेला होता, मग पळता झाला. दोनदा मी मध्ये बोलले. दोन्ही वेळा मोठी माणसं हसली आणि वडील उठून बाहेर गेले. तिसऱ्यांदा बोलले नाही. विसरलेही नाही.

तर रविवारी दादा माझ्यासमोर बसला होता आणि त्याला गप्प बसवेना. माझी मुलगी चहा घेऊन आली, तर तिला सांगायला लागला, ह्याच बंदुकीने मी पळता ससा पाडला होता, तुझे आजोबा साक्षीला होते. ज्या बाईची सही हवी तिच्या मुलीला त्याने हे सांगितलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला खरं काय ते माझ्याकडून माहीत होतं.

मी गज बाजूला ठेवला. म्हटलं, ‘दादा, ससा कोणी मारला?’

तो हसला. अजिबात शरमला नाही. ‘तूच मारलंस गो. सगळ्यांका म्हायत होता.’

‘सगळ्यांना म्हणजे?’

‘बाबांका, आयेक, तुझ्या बापाशीक. वाडीत सगळ्यांका. आता इतक्या वर्सांनी काय तां?’

चाळीस वर्षं मी समजत होते की माझा शब्द कुणाला खरा वाटला नाही. तो सगळ्यांना खराच वाटला होता. तरी तंगडी त्याच्या पानावर ठेवली. मी फोन उचलून गावी काकीला लावला, स्पीकर चालू केला आणि दादाला म्हटलं, आत्ता बोललास ते आईला सांग. त्याने हसत हसतच सांगितलं. पलीकडे काकीच्या मागे सून आणि नातवंडं होती, त्यांचे आवाज थांबलेले मला ऐकू आले. मग काकी म्हणाली, ‘मेल्या, आता कशाक तां काढतस?’ आणि फोन ठेवला.

दादाला वाटलं सौदा झाला. ‘मगे सही करतलंस मां?’

‘उद्या ठाण्यात चल,’ मी म्हटलं. ‘बंदूक तूच उचल.’

त्याची अडचण खरी होती. गावच्या बागायतीत माकडं नारळ पाडतात, केळी ठेवत नाहीत, फटाक्यांना आता भीत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ती बागायत अर्धी वडिलांची होती आणि आता ती अर्धी माझी आहे. संध्याकाळी सात वाजता, तो शेजाऱ्यांकडे मॅच बघत असताना, मी परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरला. कारणाच्या रकान्यात शेतीसंरक्षण लिहिलं. अर्जदार मी. मुलीने प्रिंट काढून आणली. वडिलांच्या शब्दाचं काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, शब्द त्यांनी त्यांच्या भावाचा ठेवला होता, माझा नाही. मग मी कसा ठेवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही ठाण्यात गेलो. खोळीतली बंदूक दादाच्या खांद्यावर होती आणि चाळीतल्या लोकांना तो आदल्या संध्याकाळीच सांगून आला होता की आता ती त्याची होणार. हवालदाराने नंबर जुळवून पाहिला, जमा करून घेतली, मग माझा अर्ज घेऊन वाचला. दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. नावाशी आला तेव्हा त्याचा श्वास मला कानाशी ऐकू आला.

हवालदाराने चष्म्यावरून पाहिलं. ‘मॅडम, ठासणीची आहे ही. तुम्हाला चालवता येते?’

‘यांना विचारा,’ मी म्हटलं. ‘माझे भाऊ. बरोबर होते.’

हवालदार दादाकडे बघत राहिला. शेजारच्या टेबलावरचीही दोघं बघायला लागली. दादा फरशीकडे बघत म्हणाला, ‘येते.’

मला फार बरं वाटलं, ते लपवत नाही. अर्ज वर जाईल, चौकशी होईल, नाकारतीलही. मी जमा पावती घेतली, दादाला परळ एसटी स्टँडची बस दाखवली आणि साडेदहाच्या आत गिरगावात ऑफिसला पोचले.