फोरमनसाहेबांची अकरा इंजिनं

फोरमनसाहेबांनी सहा वर्षांत मला एकदाही 'बरोबर' म्हटलं नाही. चुकलं असलं की 'चूक' म्हणायचे आणि बरोबर असलं की गप्प बसायचे. त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी समजा, असं सुनीलभाऊ मला सांगायचे. मला ते कधी पटलं नाही. शाबासकी द्यायची तर तोंडाने द्यावी, त्याने काही जीभ झिजत नाही. मी बावीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझ्याकडून नापास झालेली मुलंसुद्धा रस्त्यात भेटली की नमस्कार करतात. आणि हा माणूस मी जिना चढून आले की चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "आल्या का टीचरबाई? उघडा आता पुस्तक."

जिना म्हणजे द्वारका चौकाजवळच्या सुनीलभाऊंच्या हार्डवेअरच्या दुकानाचा. खाली रंगाचे डबे आणि नळाचे पाइप, वरच्या खोलीत प्लायवूडच्या टेबलांवर आमची रेल्वे. वीतभर लांबीची इंजिनं, त्यांचे डबे, बोगदा, पूल, सगळं. दर रविवारी आम्ही पाच जण जमायचो. सुनीलभाऊ, दातांचे एक डॉक्टर, कोर्टातले एक कारकून, मी आणि फोरमनसाहेब. आम्हा चौघांना लहानपणी आगगाडी हवी होती आणि ती मिळाली नव्हती, एवढाच आमचा इतिहास. फोरमनसाहेब मात्र रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले. जन्मभर खरी इंजिनं उघडून-जोडून मग ते या इंजिनांकडे आले होते. त्यांच्यासमोर 'खेळणं' हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. डॉक्टरांनी एकदा काढला, तर साहेब त्यांना म्हणाले, "मग तुमची कवळी पण खेळणंच की."

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या रुळांतून वीजही जाते आणि हुकूमही जातो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात अंगठ्याच्या नखाएवढी एक पट्टी असते, तिला डिकोडर म्हणतात. प्रत्येक डिकोडरला त्याचा नंबर. हातातल्या रिमोटवर तो नंबर लावला की तेवढंच इंजिन आपलं ऐकतं, बाकीची उभी राहतात. आवाजाचा डिकोडर असेल तर इंजिन धडधडतं, भोंगा देतं, ब्रेक लावताना किंचाळतं. हे डिकोडर बसवायचं काम माझं. केसासारख्या तारा, श्वास रोखून द्यायचा सोल्डरिंगचा डाग. ते झालं की इंजिन फोरमनसाहेबांच्या ताब्यात जायचं, कारण कुठला आवाज किती मोठा, कुठला कधी, हे कानाने ठरवायचं आणि आमच्यात कान एकट्या त्यांनाच होते, असं त्यांचं मत होतं.

त्यांची ऐकण्याची तऱ्हा न्यारी होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या टपावर ठेवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. शेडमध्ये बेअरिंग वाजतंय का ते असं बघतात म्हणे. वीतभर इंजिनावर साठी उलटलेला धिप्पाड माणूस असा वाकलेला पाहून मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. ते दहा मिनिटं तसेच उभे राहिले आणि मग म्हणाले, "टीचरबाई, हे इंजिन खोटं बोलतंय." मी म्हटलं, आवाज खऱ्या इंजिनाचाच आहे, कंपनीने रेकॉर्ड केलेला. ते म्हणाले, "आवाज खरा हाय. पण वजन कुठाय? मागं मालगाडीच्या चाळीस वाघिणी लावल्यात आणि हे पळतंय उंदरासारखं."

त्यावर त्यांनी जे केलं ते मला जमलं नसतं, हे लिहायला अजूनही जड जातं. त्यांनी डिकोडरच्या आकड्यांशी खेळून असं बसवलं की बटण दाबताच इंजिन हलायचं नाही. आधी नुसता आवाज चढायचा, इंजिन जागेवर थरथरल्यासारखं वाटायचं आणि मग कुठे चाक फिरायचं. "दम घेऊ द्या त्याला," ते म्हणायचे. मालगाडीचं इंजिन जास्त दम घ्यायचं, एकटं इंजिन कमी. अशी अकरा इंजिनं त्यांनी दोन वर्षं खपून लावली होती. डोळे मिटून बसलं तर आवाजावरून सांगता यायचं की कुठलं सुटलं.

भोंग्यासाठी तर त्यांनी मला उन्हात उभी केली. परदेशी भोंगा त्यांना चालेना, म्हणून खरा रेकॉर्ड करायला आम्ही एका रेल्वे फाटकाजवळ गेलो. आता सगळीकडे विजेची इंजिनं, डिझेलची वाट बघत अडीच तास गेले. मला पाणी पिऊ दिलं नाही, बाटलीचा आवाज होतो म्हणून. शेवटी डिझेल आलं, भोंगा झाला, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी घसा खाकरला. घरी ऐकलं तर भोंग्याच्या पोटात त्यांची खाकर. मी तीन आठवडे बसून ती काढली. ऐकवायला गेले तर डॉक्टरांसमोर म्हणाले, "धुऊन धुऊन रंग गेलाय त्याचा. हा टीचरबाईंचा भोंगा झाला, इंजिनाचा नाय." सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला, तसा माझ्या सासूबाईंचाही कधी आला नव्हता.

आणखी एक खोड. ते काहीही लिहून ठेवत नसत. मी वही आणून दिली, रकाने आखून दिले, प्रत्येक इंजिनाचे आकडे टिपून ठेवा म्हणून विनवलं. "कान हायत तोवर वही कशाला?" एवढंच उत्तर. वही कोरी राहिली.

भोंग्यावरून सगळे हसले त्याच आठवड्यात एका शाळेत आमची रेल्वे मांडायची होती. शनिवारी सकाळी मी एकटीच लवकर गेले. एका नव्या डिकोडरचं काही बिनसलं होतं, तो पुसून पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा करायचा होता. असल्या कामासाठी आमच्याकडे कोपऱ्यात हातभर लांबीचा वेगळा रूळ आहे आणि त्याला एक खटका. खटका खाली असला की हुकूम त्या तुकड्यापुरता जातो, वर असला की सगळ्या टेबलभर. आणि हा पुसण्याचा हुकूम नंबर विचारत नाही. रुळावर जो उभा असेल तो ऐकतो. म्हणून आधी खटका बघायचा, हा नियम मीच सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवला होता. खटक्यावरची लाल पट्टीसुद्धा मीच चिकटवलेली. त्या सकाळी मी खटका बघितला नाही. मनातल्या मनात मी फोरमनसाहेबांशी भांडत होते. रविवारी सुचलं नव्हतं ते उत्तर आता सुचत होतं आणि बोटं आपोआप चालत होती. बटण दाबलं आणि टेबलावर ओळीने उभ्या असलेल्या अकराच्या अकरा इंजिनांचे दिवे एकदम लुकलुकले.

मला तत्क्षणी कळलं. शिकवण्याचा धंदाच आहे माझा, कळणार नाही तर काय? दोन वर्षांचं काम पुसलं गेलं होतं आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी खटका खाली केला, रिमोट होता तिथे ठेवला आणि खाली जाऊन सुनीलभाऊंना म्हटलं, चहा मागवा.

तासाभरात बाकीचे जमले, मग साहेब आले. मालगाडीचा नंबर लावला, काही हललं नाही. दुसरा लावला, तेच. डिकोडर पुसला की त्याचा नंबर तीन होतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तीन लावला आणि अकरा इंजिनं एकदम पळाली, दम न घेता, कंपनीने भरलेल्या अकरा परदेशी घंटा वाजवत. पहिली दोन एकमेकांवर आदळून आडवी झाली. साहेबांनी वीज बंद केली. मग म्हणाले, "काल संध्याकाळी मीच शेवटचा होतो इथं."

खटक्याचा नियम शिकवणारी मीच, माझ्यावर कोणाला संशय आला नाही. सुनीलभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, होतं वयोमानाने." ते कोणाला पाठीवर हात ठेवू देणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी ठेवू दिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारत होते ते मला, कारण त्या खोलीत डिकोडरमधलं सगळ्यात जास्त कळणारी मीच होते. मी म्हटलं, "चुकीचं बटण दाबलं गेलं तर असं होऊ शकतं." यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकं हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

ते यायचे बंद झाले. पहिले दोन रविवार मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कोणी चुका काढणारं नव्हतं. शाळेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय फरक कळणार? मला कळत होता. मालगाडी उंदरासारखी पळत होती.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या सूनबाई भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, बाबा हल्ली एकटे बाहेर पडत नाहीत. स्कूटरची किल्ली त्यांनी स्वतःहून मुलाच्या हातात दिली. गॅस बंद आहे का ते चार-चार वेळा बघतात. विसरायला होतंय म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे तपासणी म्हणून त्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं. काढलं त्यांनी नीट, पण घरी आल्यावर कोणाशी बोलले नाहीत. मग त्या हसून म्हणाल्या, "तुमचं नाव रोज असायचं हं घरात. टीचरबाईंचा हात म्हणजे सुई आहे म्हणायचे, शेडमध्ये असा एक हात मिळाला असता तर." भाजीची पिशवी धरून मी तिथे उभी राहिले. तरीही त्यांच्या घरी जायला मला आणखी दोन महिने लागले. बाई म्हणून हसतील, मास्तरीण म्हणून हसतील, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले.

शेवटी गेले, जेल रोडच्या त्यांच्या घरी. ते पेपर वाचत होते. काकू आत चहा ठेवायला गेल्या आणि मी बसण्याआधीच सांगून टाकलं. म्हटलं, इंजिनं तुम्ही पुसली नाहीत, मी पुसली, खटका वर राहिला होता.

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "कधी कळलं तुम्हाला?"

"लगेच."

"म्हणजे मी आलो तेव्हा माहीत होतं."

"हो."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं झालं असतं. "चुकीचं मला काय नाय. शेडमध्ये रोज चुका व्हायच्या, माझ्या हातून बी झाल्या. एकदा तर माणूस थोडक्यात वाचला. पण चार महिने, टीचरबाई, मी माझ्याच डोक्याला घाबरून जगलो. तुम्ही जगू दिलं मला तसं."

काकू चहा घेऊन आल्या. ते त्यांना म्हणाले, "त्या निघाल्यात."

ते पुन्हा रविवारी येऊ लागले आहेत, स्कूटर चालवत. मी रविवारी जात नाही. तसा निरोपच त्यांनी सुनीलभाऊंकडून पाठवला, की मी येईन, टीचरबाईंनी दुसरा दिवस बघावा. मी बुधवारी जाते. मागच्या महिन्यात मालगाडीचा नंबर लावला, तर इंजिन हललं नाही. आवाज चढत गेला, चढत गेला आणि मग चाक फिरलं. अकराच्या अकरा त्यांनी पुन्हा लावली होती. मी जिन्याच्या कठड्याला टेकून रडले. सुनीलभाऊ वर आले, त्यांना वाटलं मला आवाज आवडला. म्हणाले, "काका म्हणजे काकाच. स्वतःच्या हाताने घालवलं, पण स्वतःच्या हाताने परत उभं केलं."

म्हणजे त्यांनी सांगितलंच नव्हतं. मला त्यांचा पुन्हा संताप आला. हा कुठला मोठेपणा? मी साहेबांना फोन लावला आणि विचारलं, तुम्ही सुनीलभाऊंना खरं का सांगत नाही? ते म्हणाले, "ते काम तुमचं हाय. तुमचं काम मी का करू?" आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर चार बुधवार गेले. दर बुधवारी मी ठरवून जाते, सुनीलभाऊ चहा मागवतात आणि मी तो पिऊन जिना उतरते. समोर बोलायला जमत नाही म्हणून इथे लिहिते आहे. सुनीलभाऊ, डॉक्टर, कारकूनसाहेब, ती अकरा इंजिनं फोरमनसाहेबांनी घालवली नव्हती. मी घालवली होती.