खंजिरीच्या झांजा ऐकू येईनात

अंगणात पसरलेल्या वर्तमानपत्रावर पोट उघडून पडलेला सीडी प्लेयर, आणि त्याच्या आत मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं निळसर चमकणारं ते इवलंसं भिंग... माझ्या बालपणातल्या कितीतरी दुपारी त्या डोळ्यासमोर ओणव्या बसलेल्या आहेत. नाकात शिरणारा स्पिरिटचा थंड वास, सारवलेल्या अंगणाचा ओलसर गंध, आणि बाबांच्या कपड्यांना कायमचा चिकटलेला धानाच्या कोंड्याचा उष्ण, गोडसर दर्प. काडीला कापूस गुंडाळून, श्वास रोखून बाबा ते भिंग पुसत असत.

आमचं गाव गोंदियाहून येताना आमगावच्या अलीकडे, रेल्वेलाइनला लागून. घर एका बाजूला आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लाइनीपलीकडे. रोवणी-कापणीचे दिवस सोडले तर बाबा राईस मिलमध्ये मशीनवर असत. त्यांचा डबा घेऊन मी जायची तेव्हा मिलची धडधड कानात नव्हे, थेट छातीत शिरायची. दारातूनच मी परत फिरायची. बाबा मात्र त्या आवाजात आयुष्याची उमेदीची वर्षं उभे होते.

प्लेयर त्यांनी गोंदियाच्या बाजारातून आणला होता, आणि त्याच्यावर वाजायची मुख्यतः एकच सीडी – गावच्या भजनी मंडळीची. माझ्या मामानं ती भरून आणली होती. तिच्यात बाबांची खंजिरी होती. चामड्यावर बोटांची थाप, आणि थापेमागून शहारत जाणाऱ्या झांजांची ती चांदीसारखी किणकिण... सकाळी चुलीच्या धुरात ती मिसळली की घर जागं झाल्यासारखं वाटायचं.

मग एका पावसाळ्यात बाबा म्हणाले, "झांजा ऐकू येऊन नाही रायल्या. भिंगावर ओल धरली वाट्टे."

आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. झांजा वाजत होत्या. स्वच्छ, नेहमीसारख्या.

"बाबा, वाजून तर रायल्या," मी म्हटलं.

"तुले काय समजते बाई? हे खरखर आहे. झांज नाही."

आणि सुरू झाली ती दुरुस्ती. बाबांनी सीडी मऊ फडक्यानं मधून बाहेर, मधून बाहेर अशी पुसली. प्लेयरजवळ रात्रंदिवस बल्ब पेटता ठेवून ओल सुकवली. ट्रे अडकू लागला तेव्हा आतला ढिला पडलेला रबरी पट्टा गरम पाण्यात टाकून आवळून घेतला. आवाजाच्या बटणाची खरखर काढली, स्पीकरच्या तारा नव्यानं डागल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या हातांनी त्या यंत्राचं आयुष्य वाढत चाललं होतं; इतकं नीट ते नवं असतानाही वाजलं नसेल. पण दर दुरुस्तीनंतर बाबा कान प्लेयरला लावत, आणि त्यांच्या कपाळावर तीच आठी उमटे. आवाजाचं बटण थोडं आणखी वर सरके. पुढे पुढे शेजारची कुत्री भुंकत उठू लागली, आई भांडी आपटून स्वयंपाकघरात जाऊ लागली...

घरात काहीतरी शिरलं होतं, आणि ते प्लेयरमध्ये नव्हतं. चुलीवर दूध उतू गेलं तरी शेजारी बसलेले बाबा हलत नसत. पाठीमागून हाक मारणाऱ्यांना ते उत्तर देत नसत. लोक म्हणत, मिलवर गेल्यापासून याला गर्व चढला. आईनं मात्र गुपचूप एक सवय लावून घेतली – काही सांगायचं असलं की ती समोर येऊन उभी राही.

शेवटी बाबांनी प्लेयर आमगावला नेला. मी सोबत होते. दुकानदारानं तो जोडला, वाजवला; समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली.

"भैया, मशीन एकदम ठीक है," तो ओरडून म्हणाला. "एक बार कान दिखा लो."

बाबांनी प्लेयर उचलला आणि घराची वाट धरली. दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून जात. आई म्हणायची, "यायले समजते सगळं. पण मानतीन तं मिल सुटन नं!"

पुढच्या रोवणीची गोष्ट. आभाळ सकाळपासून शिशासारखं खाली आलेलं. आई आणि इतर बाया गुडघाभर चिखलात वाकून रोप लावत होत्या, मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. बाबा सायकलला रोपांच्या पेंढ्या बांधून घराकडून येत होते. पायवाट थेट रुळांवरून जायची. गाडीची शिट्टी झाली. रांगेतल्या साऱ्या बायांनी माना वर केल्या. बाबांनी केली नाही. खाली बघत, सायकल ढकलत ते चढण चढत राहिले.

पुन्हा शिट्टी... लांब, फाटलेली.

"अवो! थांबा नं!" आई किंचाळली. ती चिखलातून धावली, पडली, उठून पुन्हा धावली, दोन्ही हात हलवत. मग मालगाडी मध्ये आली, आणि डब्यांमागून डबे जात राहिले. आई चिखलानं माखलेली, ओठ उघडे, तशीच उभी.

शेवटचा डबा गेला तेव्हा बाबा पलीकडे उतारावर बसलेले दिसले. सायकल चिरडली गेली होती, हिरवी रोपं रुळांवर विखुरली होती. नंतर ते म्हणाले, "आवाज नाही आला. पायाखाली जमीन हालली, म्हून हात सोडला."

आईनं त्यांचा दंड धरला आणि थेट समोर येऊन विचारलं, "आतातरी दाखवता का कान?" बाबांनी मान डोलावली. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं – मिलच्या आवाजानं कान गेले; बारीक, उंच स्वर आधी जातात, गेलेले परत येत नाहीत. उरलेलंही हळूहळू गेलं. मिल सुटली. कानाला यंत्र लावलं, पण त्यातला गोंगाट त्यांना सोसवेना.

आज बाबा माझ्याकडे, गोंदियाजवळ कुडव्याला राहतात. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा माझी मुलगी अंगणात मोठ्यानं कविता पाठ करत होती, आणि बाबा तिच्या ओठांकडे एकटक पाहत होते. मग माझ्याकडे वळून, स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या त्या जरा जास्तच मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "हिचा आवाज कसा आहे वं?"

गोड, बारीक, खणखणीत... कुठलाच शब्द त्यांच्यापर्यंत पोचणारा वाटेना. मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, "माझ्या आईसारखा."

बाबांनी नातीला खूण केली – म्हण, पुन्हा म्हण.