कारवीदऱ्याचा आकडा

गोरक्षचं घर कोल्हारला, प्रवरेपासून हाकेच्या अंतरावर. पण पावसाळ्याचे चार महिने त्याला नदी बघायला मिळायची ती पार दुसऱ्या टोकाला, जिथं ती अजून नदीसुद्धा झालेली नसते. राजूरच्या वर डोंगरात कारवीदरा नावाची पंधरा-वीस घरांची वाडी आहे. वाडीच्या वरच्या टेकाडावर पत्र्याची एक खोली, खोलीपुढं तारेचं कुंपण आणि कुंपणात पाऊस मोजायचं नळकांडं. त्या नळकांड्याचा राखणदार म्हणजे गोरक्ष.

काम दहा मिनिटांचं. सकाळी साडेआठला नळकांड्यात साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, किती मिलीमीटर भरलं ते रजिस्टरला लिहायचं आणि फोन करून खालच्या ऑफिसला सांगायचं. ऑफिसात फोन घ्यायला मच्छिंद्र नावाचा कारकून. गुरू खाली खुर्चीत आणि चेला वर पावसात, अशी दोघांच्या नावांवरून ऑफिसात थट्टा चाले. एवढं झालं की उरलेला दिवस गोरक्षच्या अंगावर यायचा. बाहेर पाऊस इतका, की चार पावलांवरचं कुंपण दिसू नये. पत्र्यावर असा ताशा वाजे, की स्वतःशी मोठ्यानं बोललं तरी ऐकू येत नसे. पहिल्या वर्षी तो बोलायचा. सहाव्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव सालच्या पावसाळ्यात, तेही सुटलं होतं.

सोबतीला ट्रान्झिस्टर होता. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळच्या जिल्ह्याच्या बातम्या, या दोन्ही तो कधी चुकवत नसे. त्या वर्षी राज्यात सरकार नवं होतं आणि बातम्याही रोज नव्या. एक रुपयात झुणका-भाकर मिळणार म्हणे. स्टोव्हवर भात शिजत असताना गोरक्ष विचार करी, रुपयात भाकर देणारा माणूस स्वतः काय खात असेल? कोकणातला विजेचा मोठा करार मोडला, ही बातमी आली त्या दिवशी त्याच्या खोलीतला कंदील तिसऱ्यांदा विझला होता. काडीपेटी सादळलेली. अंधारात बसून त्याने ती बातमी पूर्ण ऐकली. महाराष्ट्र केवढा मोठा आहे आणि त्यात किती माणसं एकमेकांशी बोलतायत, भांडतायत, हे ऐकताना त्याला बरं वाटे. बातम्या संपल्या की मात्र खोली आधीपेक्षा मोठी होई.

संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी जिल्ह्यातला पाऊस सांगत. अकोले इतका, राजूर इतका, आणि पाऊस सगळ्यांत जास्त म्हणून कारवीदऱ्याचं नाव बहुतेक रोज असे. ‘कारवीदरा, एकशे अठरा मिलीमीटर.’ बस्स, तेवढंच. पण ते एकशे अठरा गोरक्षने आपल्या हाताने मोजलेले असत.

तिकडं कोल्हारला त्याची बायको राहीबाई आणि चौथीतली मुलगी संस्कृती, दोघी त्याच वेळी रेडिओपुढं बसत. आकडा सांगितला की संस्कृती तो वहीत टिपून घेई. राहीबाईचा हिशेब साधा होता. आकडा आला, म्हणजे माणूस उठला, त्याने पाणी मोजलं, फोन केला. म्हणजे बरा आहे. म्हातारी सासू खोलीतून विचारी, “आलं का गोरक्षाचं?” राहीबाई म्हणे, “आलं आत्या. आज लई हाय.” चुलीपाशी जाताना तिचे खांदे सैल पडत. पत्र पोचायला आठ दिवस लागत, आकडा त्याच दिवशी पोचे.

गौरी-गणपतीला गोरक्षला रजा मिळाली नाही. विसर्जनाच्या आठवड्यात डोंगरावर वाऱ्याने कहर केला आणि मंगळवारी फोनची तार तुटली. त्याच संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. बुधवारी सकाळी साडेआठला उठायला गेला तर खोली गरगर फिरली. दाराच्या चौकटीला धरून तो नळकांड्याकडं बघत राहिला. दहा पावलांचं अंतर. पाय उचलेनात. परत येऊन घोंगडीखाली पडला तो पडलाच.

तापात त्याला एकच गोष्ट सारखी वाटत राही, की आता कोणीतरी येईल. आकडा गेला नाही, म्हणजे ऑफिसात कळलं असेल. मच्छिंद्र विचारेल, कारवीदऱ्याचं काय झालं? जीपला वाट नसेल, तर माणूस चालत पाठवतील. राहीबाईला रेडिओवर आकडा ऐकू आला नाही की ती शेजारच्या दुकानातून ऑफिसला फोन लावील. बुधवार गेला. पत्र्यावरचा ताशा थांबला नाही.

गुरुवारी दुपारी कोणीतरी दार ढकललं. वाडीतली आक्काबाई. पासष्टीची, एकटी राहणारी बाई. नवरा मागंच गेलेला, लेक घोटीच्या भात-गिरणीत कामाला. तिची-त्याची ओळख झऱ्यावरची. सकाळी दोघं एकाच वेळी पाण्याला येत आणि न बोलता आपापला हंडा भरून जात.

“दोन दिस झऱ्यावर आला न्हाईस, म्हनलं बघावं,” ती म्हणाली. कपाळाला हात लावून तिने तो चटका बसल्यासारखा काढला. “आरं, भाजतोयस की!”

ती गेली आणि नागलीची पेज घेऊन आली. चमच्याने पाजली. कसलासा कडू काढा दिला. गुरुवारी दोनदा, शुक्रवारी तीनदा ती ते चिखलाचं टेकाड चढून आली. बोलली फारसं नाही. एकदा फक्त म्हणाली, “घरी कोन हाय?” तो म्हणाला, “समदी हायेत.” तिने मान हलवली आणि वाटी विसळून ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी घाम फुटून ताप उतरला. अंगात त्राण नव्हतं, पण डोकं लख्ख झालं. सवयीने त्याने ट्रान्झिस्टरचं बटण फिरवलं. बातम्या, बाजारभाव आणि मग जिल्ह्यातला पाऊस. अकोले इतका. राजूर इतका. “कारवीदरा, अठ्ठेचाळीस मिलीमीटर.”

गोरक्ष उठून बसला. आपण नीट ऐकलं का, अशा नजरेनं तो रेडिओकडं बघत राहिला. तीन दिवसांत त्याने नळकांड्याला हात लावला नव्हता. तार तुटलेली. मग हे अठ्ठेचाळीस आले कुठून?

शनिवारी सकाळी साडेआठला तो काठीच्या आधाराने नळकांड्यापाशी गेला. काचेचं माप वीस मिलीमीटरचं. तो ओतत गेला आणि मोजत गेला. वीस वेळा माप काठोकाठ भरलं, एकविसाव्या वेळी बारावर थांबलं. चारशे बारा. तो इकडं पडून असताना हे सगळं पाणी डोंगरावरून खाली गेलं होतं. खालच्या धरणातून सोडलं, की ते चार दिवसांनी कोल्हारच्या पुलाखालून जाईल. त्यात कोणता पाऊस बुधवारचा आणि कोणता गुरुवारचा, हे आता देवालाही वेगळं करता आलं नसतं.

त्याच दुपारी तार जोडली गेली. त्याने ऑफिसला फोन केला.

“काय गोरक्ष, होतास कुठं?” मच्छिंद्रचा आवाज नेहमीसारखाच.

“तार तुटली हुती. मी आजारी हुतो तीन दिस. लई आजारी.”

“बरं वाटतंय ना आता? मग सांग आजचा.”

“मच्छिंद्रभाऊ, ते तीन दिवसांचे आकडे कुनी दिले?”

“मीच टाकले. रकाना रिकामा ठेवता येत नाही बाबा, वरून विचारणा होते. शेजारच्या केंद्राचा आकडा बघितला आणि अंदाजानं टाकला. पाऊस तर पडत होताच ना?”

“पाऊस पडत हुता,” गोरक्ष म्हणाला.

“मग झालं तर. तूही रजिस्टरला तेच लिही. छप्पन, एकसष्ट, अठ्ठेचाळीस.”

त्याने फोन ठेवला. रजिस्टर उघडून त्याने पेन हातात घेतलं. मच्छिंद्र वाईट माणूस नव्हता. दिवाळीला तो न चुकता गोरक्षच्या म्हाताऱ्या आईची चौकशी करी. म्हणूनच जास्त लागलं. कारवीदऱ्याला माणूस असला काय नि नसला काय, आकडा आपला जातच राहतो. शेवटी त्याने तीन रकान्यांवर एक आडवी रेघ ओढली आणि लिहिलं : ‘आजारी होतो. माप घेतले नाही. शनिवार सकाळपर्यंत चार दिवसांचा एकत्र पाऊस ४१२.’ खाली पूर्ण सही केली. सहा वर्षांत पहिल्यांदाच रजिस्टरमध्ये त्याने आकड्याशिवाय काही लिहिलं होतं.

पुढच्या बाजाराला तो राजूरला उतरला. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात उभं राहून त्याने कोल्हारच्या दुकानाचा नंबर लावला. राहीबाईला बोलावून आणेपर्यंत फोन संस्कृतीने धरला. बापाला ती दादाच म्हणे.

“दादा, मी सगळे आकडे लिहिलेत! वाचू?”

“वाच.”

तिने महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वाचायला सुरुवात केली. शाळेत पाढे म्हणावेत तसं. “बुधवारी छप्पन. गुरुवारी एकसष्ट. शुक्रवारी अठ्ठेचाळीस.” गोरक्षने काचेला कपाळ टेकवलं. तिला मध्येच थांबवावंसं त्याला वाटलं, पण थांबवलं नाही. तिने सगळा महिना वाचून दाखवला.

मग राहीबाई आली. “बरं हाय न्हवं? आमी हितं निर्धास्त हाय बगा. आकडा रोज येतोय.”

“राहे, त्यातले तीन माजे न्हवते.”

“म्हंजे?”

त्याने सांगितलं. ताप, तार, मच्छिंद्रचा अंदाज, आक्काबाईची पेज. पलीकडं दुकानात कोणीतरी खोबरं मागत होतं, ते ऐकू येत होतं.

“शुक्रवारी आमी वरणफळं केल्ती,” राहीबाई सावकाश म्हणाली. “आकडा आला म्हनून आत्यांनी दोन घास जास्त खाल्ले.” मग ती एकदम म्हणाली, “तुमी बदलीचा अर्ज करा. मला त्यो रेडिओ आता नको.”

“करतो,” तो म्हणाला.

आणि त्याने केला. राजूरच्या पोस्टातच कागद मागून घेतला, उभ्या उभ्या अर्ज लिहिला आणि पेटीत टाकला. मग बाजारातून आक्काबाईसाठी चहाची पुडी, दोन किलो साखर आणि एक नऊवारी घेतली.

लुगडं बघून आक्काबाई रागावली, मग ते उलटसुलट करून बघत राहिली, आणि त्याला जेवायला थांब म्हणाली. सहा वर्षांत गोरक्ष वाडीतल्या कोणाच्या घरी जेवला नव्हता. भात, उडदाचं घुटं आणि भाजलेली मिरची. जेवता जेवता त्याने आपल्या कामाचं आणि रेडिओवरच्या आकड्याचं सांगितलं. आक्काबाईचा घास हातातच राहिला.

“रेडिवात आमच्या कारवीदऱ्याचं नाव सांगत्यात?”

“रोज सांगत्यात.”

“नगरपातूर?”

“त्याच्याबी फुडं.”

तिला खरं वाटेना. तिच्या जन्मात एसटीच्या पाटीवरही वाडीचं नाव आलं नव्हतं. “मला ऐकीव की एकदा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ट्रान्झिस्टर घेऊन खाली गेला. आक्काबाईने नवं लुगडं नेसलं होतं. शेजारच्या दोन बायाही येऊन बसल्या होत्या. बातम्या सुरू झाल्या. त्या दिवशी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून सगळ्या देशात गर्दी उसळली होती. मुंबईत रांगा, पुण्यात रांगा, नगरला दूध संपलं, शास्त्रज्ञ काय म्हणाले, मंत्री काय म्हणाले. निवेदकाला दम घ्यायला फुरसत नव्हती. बातम्या संपल्या. पाऊस कोणी सांगितलाच नाही.

“देव दूध प्याला?” आक्काबाईने विचारलं.

“व्हय म्हनं.”

“प्येऊ दे,” ती म्हणाली. “उद्या सांगत्याल आपलं.”

दुसऱ्या दिवशीही दुधाचीच चर्चा चालली. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मग तो पडलाच नाही, आणि जिथं पाऊस नाही तिथलं नाव कोण घेणार? नळकांडं रोज कोरडं निघे. गोरक्ष रोज शून्य कळवी. मच्छिंद्र म्हणे, “ठीक.”

ऑक्टोबरच्या मध्याला हंगाम संपला. खोलीला कुलूप घालून, वळकटी पाठीला लावून तो निघाला. शिवारात भात पिवळं पडलं होतं. झऱ्यापाशी आक्काबाई हंडा भरत होती. तिने पदराला हात पुसले आणि नागलीच्या पिठाचं एक पुडकं त्याच्या पिशवीत कोंबलं.

“पोरीला भाकरी कर म्हनावं,” ती म्हणाली. मग हंडा उचलता उचलता, त्याच्याकडं न बघता तिने विचारलं, “फुडल्या साली येशील न्हवं?”

बदली मंजूर झाल्याचा कागद आठ दिवसांपूर्वीच आला होता. पुढच्या वर्षी तो कोल्हारजवळच्या कालव्यावर असणार होता, घरापासून दोन मैलांवर.

“व्हय,” गोरक्ष म्हणाला. “येतो की.”