दुसरा बाप्तिस्मा

माझी आई दबोराबाई. दौंडच्या आमच्या चर्चची मढी तिनं वीस वर्षं धुतली. रेल्वे कॉलनीत कॅथलिक माणूस गेलं की पहिला निरोप फादरांना जायचा आणि दुसरा आमच्या घरी. मयताला कपडे कुठले, हातात जपमाळ कशी गुंडाळायची, पेटीवरचं काळं कापड, सहा मेणबत्त्या, खांद्याला कोण कोण, सगळं तीच ठरवायची. रडणाऱ्यांना दम भरायची, "आदी पानी तापवा, मंग रडा." मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीतली, लॅटिन उत्तरं गाणारे चुकायचे, ही कधी चुकली नाही.

आणि ती कॅथलिक नव्हती.

शिरूरच्या प्रॉटेस्टंट मिशनमधल्या अब्राहाम मास्तरांची ती लेक. तान्ही असतानाच तिकडच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला होता. माझे वडील पास्कल दौंड स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले. मुलं कॅथलिक होतील, या अटीवर फादरांनी लग्नाला परवानगी दिली. आम्ही झालो कॅथलिक. आई होती तशीच राहिली.

त्रेपन्न साली वडील गेले. त्यांना धुऊन पेटीत ठेवल्यावर आई फादरांकडे गेली आणि वडिलांच्या शेजारची जागा आपल्यासाठी मागितली. फादर वाईट नव्हते, नियमाचे होते, आणि अशा माणसापुढं डोकं आपटून काही उपयोग नसतो. ते म्हणाले, कबरस्तानची माती आशीर्वादाची, तिथं यायचं तर आधी आमच्या चर्चमध्ये या. मिशनचा बाप्तिस्मा खरा की खोटा कुणास ठाऊक, म्हणून पुन्हा पाणी घ्या.

घरी येऊन चूल फुंकता फुंकता ती मला म्हणाली, "मंग माज्या बापानं काय मला नुसती भिजवून आनली व्हती? यांच्या शेजारी ठिवत्यात तर ठिव. न्हाई तर शिरूरला ने, माज्या आबांच्या पायथ्याशी. तुज्या गिदोनमामानं जागा बगून ठिवलीय. पर पुन्यांदा पानी घ्यायची न्हाई."

त्यानंतरही सहा वर्षं ती मढी धूत होती. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथं गरज सरली नव्हती तरी वैद्याला दार बंदच होतं.

एकोणसाठच्या मार्चात तिला न्यूमोनिया झाला. रेल्वेच्या डॉक्टरांनी आशा सोडली. फादर दोन दिवस खेड्यांकडे मिस्सेला निघाले होते. जाताना मला म्हणाले, "मी नसताना वेळ आली तर तूच बाप्तिस्म्याचं पाणी घाल, ते कुणीही घालू शकतं. फक्त तिची इच्छा पाहिजे."

इच्छा कशाची होती ते मला पाठ होतं. तरी माझ्या डोळ्यांपुढं दुसरंच होतं. आईला ट्रकात घालून शिरूरला न्यायची, ना घंटा, ना मिस्सा, आणि अख्खी कॉलनी विचारणार, का रे बाबा? मला लाज वाटत होती. वडील एकटे पडतील असं मी मनाला सांगितलं, पण ते खोटं होतं. थाटाची हौस माझी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांब्या घेतला. "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर, मारिया, मी तुला बाप्तिस्मा देतो," म्हणत कपाळावर पाणी ओतलं. मारिया हे कॅथलिक नाव मीच ठरवलं होतं. आईनं डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. तिनं चाचपडत पदर ओढला आणि कपाळ पुसलं. थांबली, पुन्हा पुसलं. मग मी उठून बाहेर जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. दिवस मावळायच्या आत गेली.

फादर सकाळी आले. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "व्हय फादर. मान हलवली तिनं."

मग टेबलाशी बसून आम्ही दोघांनी सगळं ठरवलं. मी घंटा मागितली, गाणारे मागितले, धूप मागितला, फादरांनी कशालाच नाही म्हटलं नाही. फक्त काळं कापड कुठल्या कपाटात असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला धुतलं कॉलनीतल्या बायकांनी, ज्यांनी कधी मढ्याला हात लावला नव्हता. हनुवटीची पट्टीसुद्धा वाकडी बांधली. उपदेशात मात्र मेल्या म्हशीला मणभर दूध. हरवलेलं मेंढरू शेवटी घरी आलं म्हणे.

गिदोनमामा शिरूरहून एस्टीनं आला होता. त्यानं माती दिली, आणि फाटकाशी मला गाठून विचारलं, "पानी घेताना आक्का काय म्हनली?"

"काय न्हाई मामा. राजीखुशीनं घेतलं."

त्यानं फाटकाची कडी काढली. "बरं झालं, आबा न्हाईत," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. तेव्हापासून शिरूरच्या मिशनमध्ये आईचं नाव निघत नाही. निघालं तर बाटलेली म्हणतात.

ती बाटली नव्हती. मामाला एवढं सांगायला शिरूर काही लांब नाही. मामा अजून आहे. तीन वर्षं झाली, मी गेलेलो नाही.